भांगाचा तास

सरकारनं आमच्या शाळेला आधी टीव्ही दिला. वीज मागाहून देणार होतं. मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. माझ्या सासरीही आधी फ्रिजवर घालायचं क्रोशाचं कव्हर आलं, फ्रिज अजून यायचा आहे.

शाळा मुरबे गावाच्या पुढं, खाडीच्या तोंडाशी, मच्छीमारांच्या एका पाड्यावर. चौथीपर्यंतचे वर्ग, दोन खोल्या, वर कौलं, आणि शिक्षक दोन: मुख्याध्यापक नरहरी गुरुजी आणि मी. पाड्यावर विजेचा खांब नाही. उत्तरेकडं तारापूरचं अणुवीज केंद्र, तिथून निघालेल्या तारा मनोऱ्यामनोऱ्यांवरून लांब कुठं कुठं गेलेल्या. पोरं विचारतात, "बाय, इज तितं बनते ना? मंग आमच्या पाड्याला का नाय?" मी म्हणते, "पुढच्या धड्यात आहे." पुढच्या धड्यातही नसतं.

टीव्ही आला तो सत्त्याऐंशी सरता सरता, थंडीत, पालघरहून टेम्पोतून. चौदा इंची, काळापांढरा. गुरुजींनी पेटी न उघडता कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि दर गुरुवारी कपाटासमोर उदबत्ती लावायला सुरुवात केली. गुरुजी निवृत्तीला आलेले, भले गृहस्थ. आयुष्यात कुणाला छडी मारली नाही आणि वरच्या कुणाला नाही म्हणाले नाहीत. समोर येईल त्या कागदावर सही.

"बाई, सरकारी वस्तू आहे," ते म्हणाले. "बिघडली म्हणजे?"

"पण वापरलीच नाही तर ती बिघडलीय हे कळणार कसं?"

"तेच तर!" ते समाधानानं म्हणाले.

मी घाटावरची, साताऱ्याकडची. आमचे हे, खंडेराव, बोईसरच्या एका कारखान्यात लागले म्हणून इकडं आले. बेटेगावात भाड्याची खोली आहे. सातवीनंतर माझी शाळा सुटली होती. पुढचं सगळं शिक्षण चुलीपुढं बसून, बाहेरून परीक्षा देत झालं. शिकवायला कुणी नसलं की माणसाला एक खोड लागते, बंद दिसेल ते उघडून बघायची. मला ती लागलेली आहे. तरी सहा महिने मी गप्प राहिले. त्या कपाटाशेजारून खडू घ्यायला जायचे आणि मान दुसरीकडं वळवायचे.

जूनमध्ये शाळा उघडली आणि तालुक्याचे साहेब आले. दिनानाथ साहेब. आमच्या भागातल्या शाळा तपासणं हे त्यांचं काम. त्यांनी कपाट उघडायला लावलं. पेटीवर उदबत्तीची राख.

"वापर?" साहेबांनी विचारलं.

"सुस्थितीत आहे," गुरुजी म्हणाले.

"मी स्थिती नाही विचारली."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं, मी कौलांकडं. साहेब म्हणाले, "बोईसरच्या बाजूच्या शाळेत वीज आहे, तिथले रोज मागणी करतात. दिवाळीपर्यंत इथं वापर दिसला नाही, तर सेट तिकडं जाईल."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. आणि मला लागायला आणखी एक कारण होतं. आमच्या पाड्यावर चौथीच्या मुलींची शाळा नारळी पौर्णिमेला संपते. त्या दिवशी समुद्राला नारळ दिला की होड्या बाहेर पडतात. मासळी येते. आया टोपली घेऊन सातपाटीला, पालघरला, बोईसरच्या बाजारात जातात, आणि मागं बोंबील निवडायला, काठ्यांवर वाळत घालायला मुली लागतात. शाळा बंद कर असं कुणी म्हणत नाही. मुलगी एक दिवस येत नाही, मग दुसरा दिवस येत नाही, मग ती दिसते ती थेट बाजारात. गेल्या वर्षी नलू अशीच गेली. भूगोलात तिच्या पुढं कुणी नव्हतं. आता बाजारात भेटली की हसून चार बोंबील जास्त टाकते, आणि ते माझ्या घशाखाली उतरत नाहीत.

या वर्षी पाळी तिच्या धाकट्या बहिणीची होती, ठमीची. ठमी चौथीत. बडबडी, नकलाकार, गणितात आळशी. मला शाळेत असं काहीतरी हवं होतं, जे मासळीच्या टोपलीपेक्षा जास्त ओढ लावील. मी मुळात तेवढी ओढ लावणारी बाई नाही, हे मला ठाऊक आहे. मग तो टीव्ही तरी लावू दे.

मी गुरुजींकडं किल्ली मागितली. त्यांनी ती तीन दिवस दिली नाही. चौथ्या दिवशी टेबलावर ठेवून ते पाणी प्यायला बाहेर गेले आणि फार वेळ पाणी प्याले. पेटीत सेटबरोबर एक पुस्तिका होती, इंग्रजी आणि हिंदीत. हिंदी मी कारखान्यातल्या बायकांशी बोलून शिकलेय. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की हा सेट बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालतो. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि पाड्याकडं निघाले.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांनी शाकारलेल्या असतात. इंजिन सुरू करायची बॅटरी घरी आणून ठेवतात. ठमीचा बाप दादू तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य. त्याच्या घरी बॅटरी बाजेखाली गोणपाटात गुंडाळून ठेवली होती.

"बॅटरी? कशाला?" दादू म्हणाला. "शालेला इंजान बसवताव काय बाय?"

"टीव्ही लावायचाय. पोरांना शिकवायला."

"पोरांला शिकवायला तुमी हाव ना?"

त्याची बायको जमना आत भाकरी थापत होती. तिनं तिथूनच आवाज दिला, "दे की! चार महिनं बाजंखाली नुसती पडून हाय. तुज्यासारकी."

बॅटरी मिळाली. कावडीला बांधून शाळेत आली. तिला बोईसरला नेऊन चार्ज करावी लागे, आणि ते काम माझ्याकडं आलं. एसटीत मांडीवर बॅटरी घेऊन बसायचे. कंडक्टर म्हणाला, "बाई, हिचं तिकीट?" मी म्हटलं, "मांडीवरच्याचं तिकीट नसतं." घरी खंडेराव म्हणाले, "लोकांच्या बायका जावळ काढायला पोर नेतात, तू बॅटरी नेतेस." पण लाल वायर कुठं आणि काळी कुठं, हे मला त्यांना विचारावं लागलं नाही, याचा त्यांना थोडा राग आला असावा.

पहिल्या दिवशी अँटेना कौलांवर बांबूला बांधला. सकाळी उशिरानं शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम लागतो, तो लावला. पडद्यावर मुंग्याच मुंग्या. त्या मुंग्यांच्या पलीकडं एक बाई बोलत होती. नाकडोळे दिसत नव्हते, आवाज मात्र स्वच्छ. "बालमित्रांनो," ती म्हणाली, आणि तिसरी-चौथीची तीस पोरं एकदम मांडी घालून ताठ बसली. माझ्यासाठी ती अशी कधी बसली नव्हती.

त्या दिवशी तिनं हिमालय दाखवला. पांढरे डोंगर, पांढरी दरी, सगळं पांढरं. मी सांगितलं, हे सगळं बर्फ आहे. ठमी उठून उभी राहिली.

"बाय, येवढा बरफ! मंग मासली कुटं हाय?"

मी हसले. पण बाकी कुणी हसलं नाही; सगळ्यांना तोच प्रश्न पडला होता. या पोरांनी बर्फ पाहिला तो मासळीच्या पेट्यांत, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. मासळी नसताना एवढा बर्फ करून ठेवणारा माणूस त्यांच्या मते वेडाच. मग आठवडाभर आम्ही तोच बर्फ पुरवला. विज्ञानाला बर्फ का वितळतो ते बघितलं. गणिताला गुरुजींनी पेट्या, लाद्या आणि वितळून उरलेला बर्फ घेऊन अपूर्णांक काढले. भाषेला निबंध दिला, 'मी हिमालयात मासळी विकायला गेले.' ठमीनं लिहिलं, "तिथं गिऱ्हाईक नाय, पण मासली नासत नाय, म्हणून बसून राहायला हरकत नाय." इतका शहाणा निबंध मी आजवर तपासला नव्हता.

गुरुजीही हळूहळू कपाटापासून सुटले. कार्यक्रमाच्या आधी पडद्यावर घड्याळ येतं, सेकंदाचा काटा फिरत असतो. ते लागलं की ते दुसरीच्या पोरांना घेऊन दारात उभे राहायचे. इतकी वर्षं ते फळ्यावर खडूनं घड्याळ काढत आले होते; त्यांचं घड्याळ कधी चाललं नव्हतं. आता काटा फिरताना बघून स्वतःच म्हणायचे, "बघा, बघा, गेलं एक मिनिट!" जसं काही त्यांनीच ते पाठवलं होतं.

मग एक कार्यक्रम सुरू झाला, बी रुजण्याचा. तो तुकड्यातुकड्यांनी दाखवत होते. बी फुगलं, साल फाटली, खाली मूळ आलं. आणि नारळी पौर्णिमा आली.

होड्या रंगवल्या, पताका लागल्या, आणि दादू बॅटरी न्यायला आला. हे होणारच होतं. मी म्हटलं, "तांडेल, होडी नसेल त्या दिवसापुरती देत जा. आठवड्यातून एक-दोन दिवस."

"नाय बाय. एकदा पूजा झाली की होडीची वस्तू होडीची. हंगाम सरेस्तो खाली उतरत नाय."

"बॅटरीला कसली पूजा?"

"जालं, नांगर, इंजान, बॅटरी, समद्यांची. माज्या बापानं वल्हं उतरवलं नाय घरी, मी बॅटरी उतरवू?"

मी त्याच्याशी भांडले. शाळा, सरकार, पोरींचं भविष्य, सगळं काढलं. तो ऐकत राहिला आणि बॅटरी खांद्यावर घेऊन गेला. त्याच्या मागून ठमीही गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मीच गेले. बांबूंच्या काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते, जबड्यात जबडा अडकवून. ठमी टोपलीत हात घालून बसली होती.

मला बघून तिनं रडावं अशी माझी थोडी इच्छा होती. ती रडली नाही. तिनं विचारलं, "बाय, त्या बियाला पान फुटलं काय?"

"मला काय माहीत? टीव्ही बंद आहे."

जमना शेजारीच होती. तिनं लेकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हात पदराला पुसत म्हणाली, "आता उधान हाय. मासली हाय. पोर मी सोडनार नाय, खोटं कशाला बोलू? पन भांगाला घेऊन जावा."

मी पुस्तकातली भांगाची भरती दरवर्षी शिकवते. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला जोर, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी सुस्त, तो भांग. फळ्यावर चंद्र, सूर्य, पृथ्वी काढते, पोरं वहीत काढतात. पण जमनानं ते घरच्यासारखं उलगडून सांगितलं. यांची डोलीची, पिशवीसारखी जाळी पाण्याच्या ओढीवर भरतात. भांगात ओढ नसते, जाळं वाळत घातलेल्या लुगड्यासारखं लोंबतं, म्हणून होड्या खाडीत परततात आणि तीन-चार दिवस उभ्या राहतात. मासळी नाही, म्हणजे निवडायला काही नाही. पोरी मोकळ्या. तांडेल मोकळा.

"बॅटरी पण मोकळी," मी म्हटलं. "पण ती उतरत नाही."

"ती उतरत नाय, तर तुमची शाला चढवा!" जमना म्हणाली, आणि पुन्हा टोपलीत हात घातला, जसं काही तिनं मीठ कुठं आहे ते सांगितलं होतं.

गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले. "बाई, सरकारी वस्तू पाण्यावर?"

"पाण्यावर नाही, होडीवर."

"होडी कशावर आहे?"

मी सेट गोधडीत गुंडाळला.

पहिला भांग आला तेव्हा दादूची होडी खाडीत नांगरावर उभी होती, काठापासून होडीपर्यंत फळी टाकलेली. पोरं त्या फळीवरून धावत चढली. मी बसून, सरकत सरकत. घाटावरची आहे, पाण्याचं मला काही कळत नाही आणि पाण्यालाही माझं. दादूनं अँटेना डोलकाठीच्या टोकाला बांधला. मी वायरी जोडल्या, बटण फिरवलं आणि पडदा लखलखीत. एक मुंगी नाही!

"बाय, हिच्या कपालावर टिकली हाय!" ठमी ओरडली. "आनि दात पुडं!"

सगळा पावसाळा आम्ही त्या बाईचं ऐकत होतो आणि तिचं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. बियाला पान तोवर फुटून गेलं होतं. तिनं पुन्हा थोडं मागून दाखवलं म्हणून पोरांना ते मिळालं. सगळ्यांनी त्या पानाला टाळ्या वाजवल्या. दादू इंजिनापाशी बसून बिडी ओढत बघत होता. तो म्हणाला, "मी बिया पेरल्या नाय कदी. पन हे बरं हाय."

तेव्हापासून आमचं वेळापत्रक पंचांगावर चाललं. भांगाला तिसरी-चौथी होडीवर, पहिली-दुसरी गुरुजींकडं शाळेत. होडीवर जे बघितलं त्यावर पुढचे दिवस शाळेत काम. अँटेना कुठं तोंड करून आहे यावरून दिशा शिकवल्या, तो मुंबईकडं बघतो म्हणून दक्षिण. बातम्यांतला नकाशा आला की गावं शोधायची. आणि उधाणाच्या दिवसांतही ठमी अधूनमधून तासभर येऊ लागली, अंगाला बोंबलाचा वास घेऊन. कारण मधलं गणित चुकलं तर पुढच्या भांगाला दुसऱ्या पोरी हसतात. तिच्यामागून चौथीच्या आणखी तिघी. या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर माझ्या वर्गातून एकही मुलगी कायमची गेली नाही. सेट जाऊ द्यायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

दिवाळीला आठवडा राहिला असताना दिनानाथ साहेब जीप घेऊन आले. बरोबर ड्रायव्हर चंद्रभान आणि सेट परत घेतल्याचा कागद, आधीच भरलेला. शाळेत तिसरी-चौथीची खोली रिकामी. फळ्यावर मी लिहून गेले होते, 'आज भांग. वर्ग खाडीत.' गुरुजी त्यांना घेऊन काठावर आले ते तोंडावर राख फासल्यासारखे.

होडीवर 'वीज' हा धडा चालू होता. खरंच. मी काही तो मुद्दाम लावला नव्हता.

"हे काय चाललंय?" साहेब काठावरून ओरडले.

"विज्ञान, साहेब. चौथी."

"शाळा सोडून होडीवर?"

"सोडली नाही. बरोबर आणलीय."

"सरकारी मालमत्ता आवाराबाहेर नेता येत नाही, हे माहीत आहे?"

"आवारात वीज आणता येत नाही, म्हणून नेली."

"उलट उत्तरं नकोत, बाई! वापर दिसला नाही तर सेट हलवणार, हे मी जूनमध्येच सांगितलं होतं."

"मग हे काय दिसतंय तुम्हाला?"

"हा गैरवापर आहे."

जमना होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला बसून जाळ्याची गाठ मारत होती. "गैर काय त्यात सायेब? आमी शिनेमा नाय लावला. लावा म्हनून नवऱ्यानं किती मागं लागून बगितलं, बाय लावत नाय."

पोरं हसली. साहेबांनी चंद्रभानला सांगितलं, "जा, सेट उतरवून आण."

चंद्रभाननं फळीकडं पाहिलं, फळीखालच्या पाण्याकडं पाहिलं. "साहेब, मला पोहता येत नाही."

"मग बाई, तुम्ही बंद करा आणि उतरवा."

"मी नाही उतरवणार."

हे वाक्य मी वरच्या कुणाला कधी म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर कळलं की ते तसं छोटंच असतं. मी पुढं म्हणाले, "तुम्हाला बंद करायचा असेल तर वर या आणि या पोरांच्या देखत स्वतः बंद करा. माझ्या हातून ते व्हायचं नाही."

"तुमची बदली होईल."

"होऊ दे. घाट उतरून खाडीपर्यंत आलेय. आणखी कुठं उतरवणार?"

साहेब फळीवर पाय ठेवायला आले, तसा दादू उठला. "या सायेब. फकस्त पायताण खाली काढा. होडीवर पायताण चालत नाय, मंत्री आला तरी."

साहेब दगडावर बसले. बुटाच्या नाड्या सोडायला वेळ लागला. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. मला त्या क्षणी त्यांची दया आली आणि ती मी कष्टानं गिळली. फळीवर ते डगमगले तेव्हा दादूनंच हात दिला. पोरांच्या मधून वाट काढत ते सेटपाशी गेले आणि एक बटण फिरवलं.

"...आणि बटण दाबताच घराघरांत दिवा लागतो!" ती बाई एवढ्या मोठ्यानं ओरडली की काठ्यांपाशी बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"तो नाय सायेब, तो आवाजाचा!" पोरं एकदम म्हणाली. "उलटा फिरवा!" "खालचा, खालचा!"

शेवटी त्यांना योग्य बटण मिळालं. खट्‌. पडद्याच्या मधोमध पांढरा ठिपका उरला, बारीक बारीक होत गेला आणि विझला. तीस पोरं त्या काळ्या काचेकडं बघत राहिली. बायका काठापर्यंत आल्या होत्या.

मी पोरांकडं तोंड केलं.

"ठमे, ऊठ," मी म्हटलं. "पुढचं तू सांग."

"काय सांगू बाय? अजून दाखवलंच नाय."

"तुला माहीत आहे ते सांग. तास अजून संपलेला नाही."

ठमी उठली. सेटच्या बाजूला जाऊन उभी राहिली, केस कानामागं घेतले, दात थोडे पुढं काढले आणि त्या बाईच्या गोड आवाजात सुरू झाली.

"बालमित्रांनो! इज पान्यापासून बनते, कोलशापासून बनते, आनि आपल्या तारापूरला बनते ती अनूपासून बनते. मंग ती तारंतून धावते. तार खांबावरनं जाते. खांब शेतातनं जातो, रस्त्यातनं जातो, आनि बालमित्रांनो, आमच्या पाड्याच्या अलीकडं येऊन खांब दमतो. तो का दमतो, ते आपन पुडच्या भागात पाहू!"

काठावरून एक मोठं हसू उठलं. चंद्रभानही हसला आणि साहेबांकडं बघून खोकला. दुसरा एक पोरगा उठून म्हणाला, "बाय, मी सांगतो, बॅटरीत इज कशी भरतात," आणि तिसऱ्यानं त्याला ओढून खाली बसवलं, "तुला काय कलतंय, माज्या मामाचं इंजान हाय." तास चालू झाला. पडदा काळा होता आणि तास चालू होता. मी मधूनमधून एवढंच विचारत होते, "मग पुढं?"

साहेबांनी बॅटरीची वायर काढून हातात धरली होती. "हे पाठ करून घेतलंय?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"पाठ केलं असतं तर ते इतकं टोचलं नसतं, साहेब."

त्यांनी कागद काढला. "गुरुजी! या इकडं, सही करा. सेट परत दिल्याची. तुमच्या सहीशिवाय मला तो नेता येत नाही."

झालं, मला वाटलं. गुरुजी म्हणजे सही. काठावर त्यांनी वहाणा काढल्या, हातात घेतल्या, धोतराचा सोगा वर धरला आणि फळीवरून आले. दोन महिन्यांत ते होडीवर कधी चढले नव्हते. ते आले, साहेबांच्या पुढ्यातून गेले आणि ठमीच्या शेजारी पोरांत मांडी घालून बसले.

"गुरुजी, सही."

"चष्मा नाही, साहेब."

साहेबांनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. "नाकावर आहे तो काय आहे?"

गुरुजींनी चष्मा चाचपला. "हा लांबचा."

"मग जवळचा आणा!"

"तो पालघरला. घरी." आणि मग, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, न विचारता गुरुजी आणखी एक वाक्य बोलले. "आणि आणला तरी मला ते वाचता यायचं नाही, साहेब."

साहेबांनी कागदाकडं पाहिलं, गुरुजींच्या चष्म्याकडं पाहिलं. खाडीचं पाणी होडीला चापट मारत होतं. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी कागदाची घडी केली, वायर माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मी सगळं लिहिणार आहे. तुमचं दोघांचं."

"लिहा," मी म्हटलं. "ठमीचंही लिहा."

ते फळीवरून उतरले, दगडावर बसून बूट घातले. जमना वरून म्हणाली, "सायेब, पुना येताव तं तिथी बगून या. उधानाला आलाव तं आमी दर्यात असू." जीप गेली. मी वायरी पुन्हा जोडल्या तोवर तो कार्यक्रम संपून गेला होता. शेतकऱ्यांना कुणीतरी खतं समजावून सांगत होता. दादूनं तेही शेवटपर्यंत बघितलं.

दिवाळीनंतर कागद आला. शालेय मालमत्ता आवाराबाहेर नेल्याबद्दल आणि वरिष्ठांशी उद्धट वर्तन केल्याबद्दल खुलासा करावा. खंडेराव म्हणाले, "माफी मागून टाक. दोन ओळींत होतंय."

मला चार ओळी लागल्या. सेट चालू आहे आणि मुली शाळेत आहेत. पाड्यावर खांब आणा, ज्या दिवशी दिवा लागेल त्या दिवशी सेट मी स्वतः डोक्यावरून शाळेत आणीन. तोवर तो होडीवरच लागेल. खाली सही केली. गुरुजींनी तो कागद मागून घेतला, वाचला, माझ्या सहीशेजारी आपली सही केली, आणि सही करून झाल्यावर त्यांना घाम फुटला. मी त्यांना पाणी आणून दिलं.

उत्तर अजून आलेलं नाही. बदलीही अजून आलेली नाही. आली तर आली. परवा भांग लागतोय. वीज अर्धवट राहिलीय, ती आधी पुरी करायची, मग गणित.